न झालेल्या शिकारीचा खुलासा

परमेश्वराच्या नावाने

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी साहेब,
पर्यावरण खाते, जिल्हा कार्यालय,
नगीनाबाद.

अर्जदार: मश्दी खोदादाद सालारी, राखणप्रमुख, बादामकूह राखीव डोंगर, राहणार तंगे-अनार.
अर्ज लिहिणारा: मिर्झा लुत्फुल्ला, अर्जनवीस, आपल्याच कार्यालयासमोर, चिनाराखाली.

विषय: परवाना हाती, जनावर समोर आणि हवा स्वच्छ असूनही शिकार का झाली नाही याचा खुलासा, तसेच राखीव डोंगर गावाकडून काढून न घेण्याबाबत विनंती.

संदर्भ: आपल्या कार्यालयाची कारणे दाखवा नोटीस. खुलाशाची मुदत आज कार्यालय बंद होईपर्यंत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार आपल्या सेवेशी सविनय सादर करतात की, खुलासा थोडा लांबला आहे. लिहिणाऱ्याने तो अर्ध्या पानात बसवून दाखवला होता. परंतु अर्जदारांनी तो वाचून घेतला आणि "यात मी खोटारडा दिसतो" असे म्हणून परत केला. सबब जे घडले ते घडल्या क्रमाने खाली नमूद करण्यात येत आहे.

१. बादामकूह डोंगराची राखण तंगे-अनार गावाच्या वतीने अर्जदारांकडे आहे. आपण या जिल्ह्यात नवीन आहात, म्हणून सांगणे भाग आहे की डोंगर राखीव होण्यापूर्वी त्यावर बंदुका जास्त आणि बोकड कमी अशी अवस्था होती. जो उठेल तो वर जाई आणि जे दिसेल ते, मादी असो की पिल्लू, खाली आणी. शेवटी शेवटी तर शिकारी वर जाऊन एकमेकांनाच भेटत आणि चहा पिऊन परत येत. तेव्हा गावाने आपल्या खात्याशी करार केला. गावच्या शेळ्या वरच्या चराईवर जाणार नाहीत, उन्हाळ्यात पाण्याचे हौद गाव भरील, चोरट्या बंदुकीला गाव अडवील. आणि त्या बदल्यात वर्षाकाठी एक, फक्त एक, म्हातारा रानबोकड परवानाधारक पाहुण्याने मारावा. त्या परवान्याच्या उत्पन्नावर राखणदारांचे पगार आणि पाण्याचा टँकर चालतो. एक म्हातारा जातो आणि बाकीचा कळप जगतो. सुरुवातीला हे गावात सगळ्यांच्या गळी उतरले नाही. अर्जदारांच्या पत्नी गुलअंदामखानुम यांनी तर "राखायचं पण आपणच नि मारायला माणूसही आपणच बोलवायचा, हा कुठला धंदा?" असे भर चहाच्या समोवारापुढे विचारले होते. आज त्याच खानुम हौदावर येणाऱ्या पिल्लांना घरातल्या पोरांसारखी नावे देतात, आणि टँकर उशिरा आला तर चालकाची खैर नसते.

२. म्हातारा कोणता हे पाहुणा ठरवत नाही, राखणदार ठरवतो. बोकडाच्या शिंगावर दर हिवाळ्याला एक वळे पडते. ती वळी दुर्बिणीतून मोजायची, माद्यांच्या मागे धावण्याचे ज्याचे दिवस सरले असा नर हेरायचा आणि त्याच्याकडे बोट दाखवायचे. मोटारीतून बार नाही, हौदावर दबा धरून नाही, पळत्यावर नाही, पाठमोऱ्यावर नाही, माद्या जवळ असताना नाही. गोळी एकच, आणि ती हमखास लागेल इतक्या जवळून. एवढे पाळून जनावर मिळाले नाही, तर पाहुण्याने रिकाम्या हाताने परत जावे. यंदाचा म्हातारा ठरलेला होता. गावात त्याला कदखुदा, म्हणजे गावप्रमुख, म्हणतात. गावचा खरा कदखुदा वारल्यापासून सगळ्यांकडे वरून डोळे वटारून पाहणारा तोच एक उरला आहे, म्हणून हे नाव पडले.

३. यंदाचा परवाना रफसंजानचे पिस्त्याचे व्यापारी हाजी मुस्तौफी यांनी काढला, तो स्वतःसाठी नव्हे, जावयांसाठी. हाजींना दोन मुली. थोरलीचे यजमान अर्दलानखान हे रस्त्यांचे इंजिनियर. धाकटीचे यजमान सियावशखान हे दातांचे डॉक्टर, वयाने मात्र थोरल्या जावयापेक्षा मोठे. एकालाच परवाना भेट दिला तर दुसरी मुलगी ईदेला माहेरी पाऊल ठेवणार नाही, या भीतीने हाजींनी एकच परवाना दोघांच्या नावे काढला. जनावर एक, बंदूक एक, नावे दोन. आपल्या कार्यालयाने त्यावर शिक्का मारला. कार्यालयाला दोष देण्याचा अर्जदारांचा हेतू नाही. तथापि दोन साडूंना एक बंदूक देऊन डोंगरावर धाडण्यापूर्वी शिक्का मारणाऱ्याने, त्याला स्वतःला साडू असेल तर, जरा थांबायला हवे होते, असे लिहिणाऱ्याचे मत आहे. अर्जदारांना साडू नसल्याने त्यांनी या मतावर सही करण्यास नकार दिला आहे.

४. पाहुणे यायचे होते बहमन महिन्याच्या मध्याला. घाटात बर्फ पडला आणि ते आले महिन्याच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी, म्हणजे परवान्याला जेमतेम एक दिवस उरला असताना. सकाळी लवकर निघायचे ठरले. परंतु गुलअंदामखानुमनी डाळी-पाल्याची दाट आश शिजवली होती, आणि पाहुण्यांनी "नको, खरंच नको" असे म्हटल्यावर त्यांना वाडगाभर वाढणे व त्यांनी तो संपवल्यावर पुन्हा भरणे हे ओघानेच आले. दोघांपैकी एकानेही दुसऱ्याच्या आधी चमचा खाली ठेवला नाही. मग दारातून आधी कुणी बाहेर पडायचे यावर थोडा वेळ गेला. पुढे काय वाढून ठेवले आहे याची अर्जदारांना तेथेच शंका यायला हवी होती, परंतु यजमानाच्या घाईत ती आली नाही.

५. तरीही वेळ गेलेली नव्हती. ऊन डोंगराच्या कमरेपर्यंत आले असताना अर्जदार व दोन्ही पाहुणे वरच्या कड्यावर पालथे पडून होते. वारा समोरून होता. खालच्या कपारीत कदखुदा ऊन खात, डोळे मिटून, रवंथ करत बसला होता. एकटा होता, माद्या पलीकडच्या खोऱ्यात. अर्जदारांनी वळी मोजली, पुन्हा मोजली आणि टोपीला हात लावून खूण केली. इतकी चांगली संधी त्यांनी सगळ्या राखणीत क्वचितच पाहिली असेल. बंदूक त्या क्षणी अर्दलानखान यांच्या हाती होती. त्यांनी ती सियावशखान यांच्यापुढे धरली.

"घ्या, डॉक्टर. बिस्मिल्ला करा."

"थोरल्या जावयाआधी मी? लोक काय म्हणतील, अर्दलानखान?"

"वयानं तुम्ही मोठे आहात."

"नात्यापुढं वय कसलं घेऊन बसलात. तुमच्यावरून जीव ओवाळून टाकतो, तुम्हीच मारा."

"तुमच्या लेकाच्या गळ्याची शपथ, मी आधी हात लावणार नाही."

हा सर्व तआरोफ, म्हणजे 'आधी आपण'चा शिष्टाचार, अगदी हलक्या कुजबुजीत चालला होता, हे नमूद करणे आवश्यक आहे. दोघेही कसलेले शिकारी असून जनावर बुजू नये याची दोघांनाही पूर्ण जाणीव होती. बंदुकीचा घोडा बंद होता आणि ती चहाच्या पेल्यासारखी इकडून तिकडे फिरत होती. यात निव्वळ सौजन्य होते असेही नाही. जो आधी बार काढील त्याच्या बायकोला जन्मभर ऐकून घ्यावे लागले असते, की "आमच्यांनी बंदूक दिली म्हणून तुमच्यांना बोकड मिळाला." हाजींच्या घरी दर शुक्रवारी सगळे एका सुफऱ्यावर जेवायला बसतात, त्यामुळे धोका खरा होता.

शेवटी दोघांचे एकमत झाले आणि तेच नडले. दोघेही अर्जदारांकडे वळले आणि म्हणाले, डोंगर मश्दींचा, राखण मश्दींची, मान मश्दींचा. बार मश्दींनीच काढावा. राखणदाराने बंदुकीला हात लावायचा नाही, हे अर्जदारांना चांगले ठाऊक आहे. त्यांनी तेवढेच सांगायला हवे होते. परंतु समोरून मान दिला गेला आणि अर्जदारांच्या तोंडून आपोआप बाहेर पडले, की पाहुण्यांआधी यजमानाने हात घालावा ही आमच्या घरची रीत नाही, आपण आधी. तेव्हा आग्रहाला तिसरी बाजू फुटली.

एवढ्यात कदखुदा उठला. त्याने अंग ताणले, वर एकवार पाहिले आणि हातावर तुरी देऊन चालू लागला. बंदूक अर्दलानखान यांच्या हाती होती, अंतर फार नव्हते, आणि आता कुणाला विचारायलाही वेळ नव्हता. परंतु जनावर पाठमोरे होते. अर्दलानखान यांनी नळी खाली केली आणि सियावशखान यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. अर्जदारांची विनंती आहे की, साहेबांनी पाहुण्यांना काय हसायचे ते हसून घ्यावे, पण ही गोष्टही कागदावर राहू द्यावी.

६. त्यानंतर धुके उतरले आणि दिवस तसाच सरला. पाहुण्यांनी एकमेकांना मिठी मारली, अर्जदारांच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि अशी सुंदर शिकार आयुष्यात झाली नव्हती असे सांगून ते गेले. पुढे आपल्या कार्यालयाने दोघांकडे लेखी विचारणा केली. अर्दलानखान यांनी कळवले की संपूर्ण दोष त्यांचा आहे, डॉक्टरांना त्यात ओढू नये. सियावशखान यांनी कळवले की दोष सर्वस्वी त्यांचा असून इंजिनियर साहेब केवळ मोठेपणाने तो अंगावर घेत आहेत. कारकून साहेबांनी तेव्हापासून 'जबाबदार व्यक्ती' हा रकाना मोकळा सोडला आहे.

७. यानंतर, डोंगरावर म्हातारा नर खरोखर आहे की नाही हे पाहण्यासाठी आपल्या कार्यालयाचे निरीक्षक साहेब तंगे-अनारला आले. ते दारातच म्हणाले की बसायला वेळ नाही, थेट वर जायचे आहे. गुलअंदामखानुमनी मटणाचे आबगूश्त चुलीवर असल्याचे सांगितले. साहेबांनी नको म्हटले. खानुमनी पुन्हा म्हटले, साहेबांनी पुन्हा नको म्हटले. तिसऱ्यांदा म्हटल्यावर साहेबांनी बूट काढले. जेवणानंतर पाठीला उशी दिली गेली. साहेब जागे झाले तेव्हा ऊन माथ्यावरून उतरले होते. अर्जदारांनी अंधारातही नेण्याची तयारी दाखवली, साहेबांनी "आपल्याला आणखी त्रास कशाला" असे म्हणून बूट चढवले. त्यांच्या अहवालात 'म्हातारा नर दिसून आला नाही' असे लिहिले आहे. अहवाल शब्दशः खरा आहे, याबद्दल अर्जदारांची तक्रार नाही. त्या खोलीची खिडकी रस्त्याच्या बाजूला आहे.

८. न वापरलेला परवाना आणि निरीक्षकांचा अहवाल या दोन कागदांवरून आपल्या कार्यालयाने असा निष्कर्ष काढला आहे की परवाना वापरला गेला नाही, म्हणजे बोकड नाही. बोकड नाही, म्हणजे राखण नाही. सबब डोंगर गावाकडून काढून घेऊन शहरातील एका कंपनीला का देऊ नये, याचे कारण दाखवावे. त्या कंपनीचा बेत अर्जदारांनी ऐकला आहे. डोंगराला जाळीचे कुंपण घालायचे, जनावरे ट्रकने आणून आत सोडायची आणि पाहुण्यांना मोटारीतून उतरू न देता बार काढू द्यायचे. तिथे कुणालाही कुणाला आग्रह करावा लागणार नाही, कारण जनावर जाईल कुठे? अर्जदार एरवी मोजके बोलतात. या ठिकाणी त्यांनी कंपनीबद्दल जे शब्द वापरले ते शासकीय अर्जात बसत नाहीत. त्यांना राग आला आहे एवढे नमूद केल्यास पुरेसे व्हावे.

९. परवाना न वापरल्याची मान्य कारणे कारकून साहेबांनी कृपापूर्वक वाचून दाखवली. बर्फ, आजार, मोटार बिघडणे आणि परवानाधारकाचा मृत्यू. सौजन्य त्यात नाही. ते आजाराखाली घालता येईल असे कारकून साहेब म्हणाले आणि लिहिणाऱ्याला ते एकदम पटले होते. अर्जदार म्हणाले की दोघेही पाहुणे ठणठणीत होते. राहता राहिला बोकड असल्याचा पुरावा. छायाचित्र चालणार नाही, कारण मागे कुणी दुसऱ्याच डोंगराचे दिले होते. शिंगे आणून द्या, वळी आम्ही मोजू, असे नोटिशीत आहे. आता कदखुदा जिवंत आहे तोवर त्याची शिंगे त्याच्याच डोक्यावर आहेत. ती आणायची तर त्याला मारावे लागेल, मारायचे तर परवाना हवा, आणि परवाना हवा तर शिंगे दाखवावी लागतील. यातून वाट कशी काढायची हे लिहिणाऱ्याला, इतकी वर्षे याच चिनाराखाली बसून, सुचलेले नाही.

१०. सबब अर्जदारांची विनंती अशी की,

(अ) सदर परवान्यास इस्फंद महिन्यातील थोडी मुदत वाढवून मिळावी. बहमननंतर शिकार नको, माद्या गाभण असतात, हा नियम करावा म्हणून अर्जदारांनीच पूर्वी याच कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. तोच नियम वाकवायला सांगताना त्यांना लाज वाटते, आणि ती वाटते असे लिहावे असे ते म्हणतात. परंतु कदखुदा दक्षिणेच्या घळीत एकटा राहतो, तिकडे मादी फिरकत नाही.

(आ) यापुढे परवाना एकाच्याच नावे द्यावा. दोन नावे टाळता येत नसतील तर डोंगराच्या पायथ्याशी चिठ्ठी टाकावी आणि हरलेल्याने चहा पीत खालीच बसावे.

(इ) तेही शक्य नसेल तर साहेबांनी स्वतः येऊन कदखुदाला डोळ्यांनी पाहावे. त्या दिवशी जेवणाचा आग्रह होणार नाही असे लेखी देण्यास मात्र गुलअंदामखानुमनी साफ नकार दिला आहे.

११. येथवर मजकूर टंकून झाला होता आणि लिहिणारा समारोपाकडे वळत होता, तोच अर्जदारांचा फोन वाजला. अर्जदारांना एका कानाने कमी ऐकू येत असल्याने त्यांचा फोन नेहमी मोठ्या आवाजात असतो, त्यामुळे पुढील संभाषण लिहिणाऱ्याने स्वतः ऐकले आहे. पलीकडे अर्जदारांचा मेव्हणा, राखणदार रमजान होता. तो डोंगरावरून बोलत होता आणि त्याला धाप लागली होती.

"मश्दी, कदखुदा गेला. दक्षिणेच्या घळीत रानबदामाखाली पडलाय. नरडं फोडलंय. मागचा एक पाय खाल्लाय, बाकी तसाच आहे."

"लांडगे?"

"एकट्याचंच काम आहे. बर्फात पंजा उमटलाय, तुमच्या टोपीएवढा."

"टोपी राहू दे. नखं उमटलीत का?"

"नाहीत, मश्दी. एकही नाही."

नखे आत ओढून चालणारे एवढे मोठे जनावर आपल्या डोंगरांत एकच, हे साहेबांना सांगणे न लगे. बादामकूहवर बिबट्या शेवटचा पाहिला तो अर्जदारांच्या वडिलांनी. अर्जदारांनी तो आजवर फक्त वडिलांच्या तोंडून ऐकला होता. खायला काही उरले नाही तेव्हा तो निघून गेला आणि परत आला नाही, असे गावात सांगतात.

१२. रमजानला मात्र आनंद झाला होता, आणि तो का झाला हे साहेबांच्या लक्षात आलेच असेल. तो म्हणाला, "शिंगं धड आहेत, मश्दी. कुऱ्हाड आहे माझ्याजवळ. तोडतो आणि मोटारसायकलवर टाकतो, ऑफिस बंद व्हायच्या आत साहेबांच्या टेबलावर. वळी मोजा म्हणावं आता, काय मोजायची ती."

अर्जदार म्हणाले, "हात लावू नकोस. माणसाचा वास लागला तर तो उरलेलं खायला येणार नाही. आल्या पावली मागं फीर. आणि गावात सांग, त्या घळीकडं कुणी फिरकायचं नाही. शेळी चुकली तरी नाही."

फोन बंद झाल्यावर लिहिणाऱ्याने, आपले काम फक्त लिहिण्याचे आहे हे विसरून, अर्जदारांशी वाद घातला. मुदत आज संपते. नोटीस मागते आहे ती शिंगे डोंगरावर तयार पडली आहेत. मारण्याचा दोषही कुणाच्या माथी येत नाही. ती आणली की कदखुदा होता हे सिद्ध होते, राखण सिद्ध होते आणि डोंगर गावाकडे राहतो. न आणली तर उद्या जाळीचे खांब वर चढू लागतील. एवढे साधे गणित आहे, असे लिहिणारा म्हणाला, आणि थोड्या चढ्या आवाजात म्हणाला.

अर्जदारांनी दुसरा चहा मागवला. साखरेचा खडा दाताखाली धरला, पण पेला तोंडाला लावला नाही.

"मिर्झा," ते म्हणाले, "इतकी वर्षं ही बोकडं राखली ती कुणासाठी? दातांच्या डॉक्टरासाठी? तो एवढ्या लांबून, कुणी न बोलावता, जेवायला आलाय. आता मी त्याच्या पुढचं ताट उचलू?"

लिहिणाऱ्याने यंत्रात नवा कागद घातला. अर्जदार भ्यालेले आहेत. हे लिहू नका असे त्यांनी बजावले आहे, तरी लिहिणारा लिहितो, कारण फोन आल्यापासून कार्यालय किती वाजता बंद होते हे त्यांनी तीनदा विचारले आहे. डोंगर गेला तर त्यांच्याजवळ दुसरे काही नाही, आणि ते त्यांना चांगले कळते.

१३. सबब कलम १० मधील सर्व विनंत्या अर्जदार मागे घेत आहेत. त्यांच्या जागी पुढील विनंती करण्यात येत आहे.

यंदाचा परवाना वापरला गेला, असे समजण्यात यावे. रमजानने जे सांगितले त्यावरून अर्जदारांनी नियमांशी ताडून पाहिले आहे. जनावर ठरलेलेच होते. मोटार नव्हती, हौदावर दबा नव्हता, माद्या जवळ नव्हत्या. घाव एकच आणि समोरून. आधी तुम्ही, असे त्याने कुणाला म्हटल्याचे दिसत नाही. नावाच्या रकान्यात काय लिहायचे ते साहेबांनी ठरवावे.

पंचनाम्यासाठी कृपया कुणालाही एवढ्यात पाठवू नये. निरीक्षक साहेब येऊ इच्छित असतील तर त्यांनी अवश्य यावे, घर त्यांचेच आहे; परंतु अर्जदारांच्या घरापलीकडे जाऊ नये. त्यांना ते जमेल, असा अर्जदारांचा अनुभव आहे.

बिबट्या जेवून घळीतून निघून गेला, की अर्जदार स्वतः जाऊन शिंगे घेऊन येतील आणि आपल्या टेबलावर ठेवतील. तोपर्यंत मुदत टळून गेलेली असेल आणि शिंगे केवळ उशिरा आली म्हणून ती मोजणे कार्यालयाला शक्य होणार नाही, हे अर्जदारांना समजते. त्याबद्दल ते भांडायला येणार नाहीत. डोंगर कंपनीला द्यायचा असे ठरलेच, तर अर्जदारांचे एवढेच मागणे आहे की जाळीचे पहिले खांब उत्तरेच्या बाजूने रोवावेत आणि दक्षिणेची घळ सगळ्यांत शेवटी बंद करावी, म्हणजे आत असलेल्याला बाहेर पडायला वाट राहील.

हा खुलासा अर्जदारांना वाचून दाखवला. त्यांनी या वेळी तो परत केला नाही.

आपण द्याल तो निर्णय मान्य असलेला,
आपला विनम्र अर्जदार,
(सही)
मश्दी खोदादाद सालारी

नगीनाबाद, २० इस्फंद १४०२

सोबत जोडलेली कागदपत्रे:

१. मूळ परवाना, दोघांच्या नावे.

२. अर्दलानखान व सियावशखान यांची पत्रे. आधी कोणते वाचावे हे ठरवता न आल्याने दोन्ही एकाच टाचणीला लावली आहेत.

३. नोटिशीची प्रत.

४. कदखुदाची शिंगे, पुरावा म्हणून: आज जोडता येत नाहीत. जेवण चालू आहे.